पडदा न पाहता प्रोग्रॅमिंग

पुणे ते कॉर्नेल

टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे वयाच्या १४व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. भाऊ, आईवडील, शिक्षक पुस्तकं वाचून दाखवत. वाडिया कॉलेजात गणिताची पदवी, मग आयआयटी मुंबई, पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी. अंध मुलांनी गणिताच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला आजही सहज दिला जातो. रामन यांच्या प्रबंधाचा विषयच गणित ऐकायचं कसं, हा होता.

सूत्र कानाने वाचताना

कुणी ‘एक्स अधिक वायचा वर्ग’ असं वाचून दाखवलं, तर वर्ग कुणाचा? नुसत्या वायचा की सगळ्या बेरजेचा? डोळ्यांना ते तत्क्षणी दिसतं, कानांना कळत नाही. रामन यांनी प्रबंधासाठी बनवलेल्या ‘ॲस्टर’ या प्रणालीत घातांक चढ्या स्वरात ऐकू येई आणि अक्षराच्या पायाशी लिहिलेला अंक खालच्या स्वरात. लांबलचक सूत्र एका दमात ऐकायची सक्तीही नव्हती. ऐकणारा त्यातल्या हव्या त्या भागात फिरू शके. (ॲस्टर हे त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचंही नाव!) या प्रबंधाला ‘एसीएम’ या संगणकशास्त्राच्या संघटनेचा १९९४चा पुरस्कार मिळाला.

१९९५मध्ये त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ हे संगणकाला बोलतं करणारं सॉफ्टवेअर आणलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा साधा स्क्रीन रीडर कॅलेंडरवर गेला की आकड्यांची ओळ वाचत सुटतो. ईमॅकस्पीक नेमक्या दिवसाचा वार, तारीख, महिना सांगतं. २००५मध्ये रामन गूगलमध्ये गेले. तिथे टचस्क्रीनवर फोन नंबर लावण्याची त्यांच्या गटाची युक्ती मला फार आवडते: बोट जिथे टेकेल तिथे ५. तिथून वर डावीकडे सरकवलं की १. बटण शोधायचंच नाही.

या क्षेत्रात शिरकाव कसा करायचा?

दिव्यांगांना वापरता येईल असं तंत्रज्ञान घडवायला स्वतः अंध असणं पुरत नाही. रामन यांच्या हाताशी आधी पक्कं गणित होतं. कंपन्या दिव्यांगांना अनेकदा तपासणीच्या कामावर घेतात. नाव नसलेलं बटण स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण’ म्हणून वाचतो, अशा चुका शोधायच्या. सुरुवात म्हणून ठीक, पण कोड लिहायला शिकलात तरच दुरुस्ती तुमच्या हाती येईल.

‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६पासून घडवला. तो बराचसा पायथनमध्ये आहे, कोड खुला आहे आणि कुणालाही त्यात हातभार लावता येतो. नोकरी मागताना दाखवायला याहून चांगलं काम कुठलं? सोबत ‘डब्ल्यूसीएजी’ हे वेबसाइटच्या सुलभतेचे निकष वाचा. हात चालत नसतील, तर आवाजाने, एका स्विचने किंवा नजरेनेही संगणक चालवता येतो.

कायद्याचा आधार

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या निकालाप्रमाणे बँकांची केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याची प्रक्रिया, दिव्यांगांना जमेल अशी करायची, तर ती बनवणारी माणसंही लागणार. नोकरीसाठी अर्ज करतानाच मात्र कंपनीला एक विचारून घ्या: तुमची ऑनलाइन चाचणी स्क्रीन रीडरवर चालते का?