पाळीआधीचा राग : स्वभाव नव्हे, आजार



पाळीआधी थोडी कुरकुर बऱ्याच बायकांना होते. पण काहींना दर महिन्याला पाळीआधी आठवडाभर राग अनावर होतो, रडू कोसळते, झोप लागत नाही. पाळी आली की दोन-चार दिवसांत सारे निवळते. ही बाहेरची बाधा नव्हे, बाईचा हट्टही नव्हे. पाळीच्या चक्रात शरीरातील संप्रेरके बदलतात. काहींच्या मेंदूला तो बदल सोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत या त्रासाची नोंद आहे.

काय करावे?

१. दोन महिने कॅलेंडरवर पाळीच्या तारखा व त्रासाचे दिवस यांवर खूण करा.

२. ते कॅलेंडर घेऊन नवरा-बायको दोघेही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषधाने गुण येतो. काहींना पाळीआधीचे दोन आठवडेच गोळ्या पुरतात. पाळणा लांबवण्याच्या काही गोळ्यांनीही फरक पडतो, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या.

३. बंधूंनो, त्या दिवसांत शब्दाने शब्द वाढवू नका. पाणी, सरपण, पोरांचे आवरणे तुम्ही करा.

४. 'जीव नकोसा झाला' असे ती म्हणाली, तर तिला एकटी सोडू नका. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करा.

तारखेवर खूण करा, वेळीच दवाखाना गाठा!