हस्तनिर्मित शुभेच्छापत्र

हस्तनिर्मित शुभेच्छापत्र म्हणजे सण, वाढदिवस, विवाह किंवा अन्य प्रसंगी पाठविण्यासाठी कागद कापून, दुमडून, चिकटवून व सजवून हाताने तयार केलेले पत्र. छापील शुभेच्छापत्राप्रमाणे त्याच्या तंतोतंत सारख्या प्रती निघत नाहीत. तथापि हाताने केलेले पत्र आणि व्यापारी पत्र यांतील सीमारेषा या कलेच्या इतिहासात क्वचितच स्पष्ट राहिली आहे. महाराष्ट्रात अनेकांचा या कामाशी पहिला परिचय शाळेतील कार्यानुभव या विषयातून होतो.

इतिहास

इंग्लंडमध्ये १८ व्या शतकात व्हॅलेंटाइन दिनाची पत्रे घरोघरी हाताने घडविली जात. त्यांत कातरकाम, चित्रे आणि उलगडत जाणाऱ्या घड्या यांचा वापर होई. १८४० साली ब्रिटनमध्ये एक पेनी दराची टपालसेवा सुरू झाली आणि पत्र पाठविणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून नाताळचे शुभेच्छापत्र काढून घेतले व त्याच्या सुमारे एक हजार प्रती शिळाछपाईने छापून घेतल्या. हे पहिले व्यापारी नाताळपत्र मानले जाते. मात्र त्याचे रंग हातानेच भरलेले होते आणि एका पत्राची किंमत एक शिलिंग, म्हणजे एक पेनीच्या टपालखर्चाच्या बारापट होती.

अमेरिकेत एस्थर हाउलँड यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे त्यांच्या वडिलांचे लेखनसाहित्याचे दुकान होते. इंग्लंडहून आलेले एक सुशोभित पत्र पाहून त्यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस जाळीदार कागद, रंगीत कागद व छापील चित्रे यांचे थर रचून स्वतःचे नमुने तयार केले. मागणी वाढल्यावर घरातच टेबल मांडून त्यांनी इतर स्त्रियांकडून काम करून घेण्यास सुरुवात केली. एकीने चित्रे कापायची, दुसरीने पार्श्वभूमी बसवायची, तिसरीने थर चिकटवायचे, अशी ही विभागणी होती. प्रत्येक पत्र हाताने घडत असले, तरी ते कोणा एकीच्या हातचे नव्हते. आज ‘हस्तनिर्मित’ म्हणून दुकानांत विकल्या जाणाऱ्या पत्रांचीही बहुधा हीच रीत असते. पुढे रंगीत शिळाछपाई स्वस्त झाली आणि घरगुती पत्रनिर्मिती मुख्यतः छंद म्हणून उरली.

मराठी घरांत संक्रांतीला तिळगुळाचे किंवा हलव्याचे चार दाणे पत्रासह पाकिटात घालून दूरच्या नातेवाइकांना पाठविण्याची पद्धत होती. दिवाळीच्या पत्रांवर पणती, आकाशकंदील व रांगोळी ही चिन्हे आढळतात.

कागद

शुभेच्छापत्राचा पाया सहसा २०० ते ३०० ग्रॅम प्रतिचौरस मीटर वजनाच्या कार्डपेपरचा असतो. छायाप्रतीसाठी वापरला जाणारा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो व तो उभा राहत नाही. ए-४ आकाराचा कार्डपेपर मधोमध कापून प्रत्येक अर्धा भाग दुमडल्यास १०५ × १४८ मिलिमीटरची दोन पत्रे होतात. ती सी-६ आकाराच्या पाकिटात नीट बसतात. सजावटीसाठी घोटीव, पतंगी, क्रेप व मार्बल कागद वापरतात.

कागदाची जाडी सारेच पाहतात, पण त्यातील तंतूंची दिशा नवशिक्यांकडून हमखास दुर्लक्षिली जाते. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी यंत्राच्या गतीच्या दिशेने निजतात. मुद्रणव्यवसायात या दिशेला ‘ग्रेन’ म्हणतात. तंतूंना समांतर घातलेली घडी सरळ व गुळगुळीत येते, तर आडवी घातलेली घडी जाड कागदात फाटते किंवा तिच्या कडेला पांढरट भेगा दिसतात. दिशा ओळखण्यासाठी कागद न दुमडता आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून पाहावा. कमी विरोध होतो ती घडीची योग्य दिशा.

हातकागद साच्यावर सुट्या तावांच्या रूपात उचलला जातो. त्यात तंतू बरेचसे सर्व दिशांना विखुरलेले असतात, म्हणून घडीच्या बाबतीत तो कमी हट्टी असतो; मात्र त्याचा खरखरीतपणा बारीक लेखनाला अडचणीचा ठरतो. महाराष्ट्रात जुन्नर व दौलताबादजवळील कागजीपुरा ही हातकागदाची जुनी केंद्रे होत. पुण्यातील हातकागद संस्था १९४० मध्ये स्थापन झाली.

घडी व जोडणी

जाड कागद थेट दुमडू नये. पट्टीच्या आधाराने बोथट साधनाने रेघ दाबून घ्यावी लागते. यासाठी हाडाची किंवा प्लास्टिकची खास चपटी पट्टी मिळते. शाई संपलेले बॉलपेनही तेच काम करते. दाबाने कागदाच्या मागील बाजूस आलेला उंचवटा घडीच्या आत राहील, अशा रीतीने दुमडल्यास बाहेरील तंतूंवर ताण कमी येतो.

उघडताच उभे राहणारे चित्र हा पत्राचा सर्वांत आवडता प्रकार. त्याच्या सोप्या रूपात मधल्या घडीवर दोन समांतर, समान चिरा देऊन मधली पट्टी आत ओढतात. पत्र काटकोनात उघडले असता ती पायरीसारखी उभी राहते. चीर घडीच्या दोन्ही बाजूंना जितकी जाते, त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत पट्टी पत्र मिटल्यावर पोहोचते. त्यामुळे ३ सेंटिमीटर चिरेची पट्टी मिटल्यावर घडीपासून ६ सेंटिमीटरवर येते, आणि चीर पानाच्या निम्म्यापेक्षा लांब झाली तर ती पत्राबाहेर डोकावते. पट्टीवर चिकटविलेल्या चित्राची उंचीही या हिशेबात धरावी लागते.

चिकटविताना पाणी हा खरा शत्रू असतो. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो व वाळताना आकसून सबंध पत्र वाकवितो. गव्हाची खळ स्वस्त असली, तरी तिच्यात पाणी फार असते. पांढऱ्या डिंकाचा पातळ थर, तोही कडेपासून थोडा आत, पुरेसा होतो. थरांतील तंतूंची दिशा एक ठेवून पत्र वाळेपर्यंत वजनाखाली दाबून ठेवतात. दुतर्फा चिकट टेप पाणीविरहित असल्याने हा प्रश्न टाळते, पण एकदा चुकीचे बसलेले चित्र मग हलत नाही. कागदी पट्ट्यांची वेटोळी करून केलेली क्विलिंगची नक्षी मात्र डिंकाच्या थेंबांवरच उभी राहते.

टपाल

पत्र गठ्ठ्यात दाबले जाते, हे सजावट करणाऱ्याच्या ध्यानात सहसा उशिरा येते. मणी, आरसे व क्विलिंगची उंच नक्षी चिरडते किंवा पाकीट फाडते. जाडी व वजन वाढल्यास तिकीटही जास्त लागते. वाळविलेली फुले पूर्ण कोरडी नसल्यास बुरशी धरतात. तिळगूळ पाठवायचा असल्यास तिळाचे तेल कागदात उतरू नये म्हणून तो वेगळ्या पुडीत बांधून पाकिटाच्या कडेला, पत्राच्या घडीपासून दूर ठेवतात.