अहवाल, रुग्ण आणि अणुयुद्ध

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, निवृत्तीनंतरचा प्रवास असे विषय वाचण्याची आपणा सर्वांना सवय आहे. या पानांवर अण्वस्त्रांविषयी लिहिणे काहींना विषयांतर वाटेल. परंतु चाळीस वर्षे रुग्ण तपासल्यानंतर माझी अशी धारणा झाली आहे, की हा प्रश्न सेनापतींइतकाच आपलाही आहे. कारण त्याच्या मुळाशी आपल्या रोजच्या ओळखीची एक गोष्ट आहे, ती म्हणजे चुकीचा अहवाल.

१९९४ साली बडोद्यात माझ्याकडे एक गर्भवती तरुणी आली होती. तिची एच.आय.व्ही.ची एलायझा चाचणी पॉझिटिव्ह आली. खात्रीसाठी दुसरी चाचणी करावयाची असते, हे मला ठाऊक होते; तसा नमुना मी पाठविलाही. पण तिच्या सासूबाईंनी विचारले तेव्हा मी बोलून गेलो. आठ दिवसांनी दुसरा अहवाल निगेटिव्ह आला. तोपर्यंत मुलीला माहेरी धाडले गेले होते, आणि त्यानंतर वर्षभर तिला कोणी परत आणले नाही. चूक प्रयोगशाळेची नव्हती. कोणत्याही चाळणी चाचणीत काही अहवाल खोटे निघणारच. चूक माझ्या घाईची होती.

पुढे स्तानिस्लाव्ह पेट्रोव्ह यांची हकीकत वाचली, तेव्हा ही मुलगी मला पुन्हा आठवली.

२६ सप्टेंबर १९८३. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मॉस्कोजवळील सेर्पुखोव्ह-१५ या भूमिगत केंद्रात लेफ्टनंट कर्नल पेट्रोव्ह कामावर होते. अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटताच उपग्रहांद्वारे इशारा मिळावा, अशी तेथील यंत्रणा होती. अचानक भोंगा वाजला. पडद्यावर एक क्षेपणास्त्र दिसले आणि मागोमाग आणखी चार. काळही मोठा कठीण होता. त्याच महिन्याच्या १ तारखेला सोव्हिएत विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि २६९ माणसे मृत्युमुखी पडली होती. दोन्ही महासत्ता एकमेकींविषयी काहीही खरे मानण्याच्या मनःस्थितीत होत्या.

पेट्रोव्ह यांनी जे केले, ते उत्तम वैद्यालाच शोभावे असे होते. यंत्र नवे आहे, त्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही. खरोखरच पहिला घाव घालावयाचा असता, तर अमेरिकेने केवळ पाच नव्हे, शेकडो अस्त्रे सोडली असती. जमिनीवरील रडारवर काहीच दिसत नाही. म्हणजे अहवाल एक सांगतो आणि रुग्णाची लक्षणे दुसरेच सांगतात. त्यांनी वरिष्ठांना कळविले, की हा इशारा खोटा आहे. आपल्याला तेव्हा पूर्ण खात्री नव्हती, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने क्षेपणास्त्राची ज्वाला समजला होता, असे मागाहून उघड झाले.

येथे आपल्याला परिचित असलेले गणित आठवावे. दहा हजारांत एकालाच होणारा रोग आहे आणि निरोगी माणसांपैकी नव्व्याण्णव टक्क्यांना निरोगीच ठरविणारी चाचणी आहे, असे समजा. दहा हजार माणसे तपासली, तर खरा रोगी एक आणि खोटे पॉझिटिव्ह सुमारे शंभर! रोग जितका दुर्मीळ, तितका एकट्या अहवालाचा भरवसा कमी. अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचा अचानक हल्ला तर कधीच झालेला नाही. पण इशारे मात्र आले आहेत. नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकेत सरावासाठी केलेली संगणकफीत खऱ्या यंत्रणेत शिरली. जून १९८० मध्ये एका सदोष चिपमुळे तेथेच पुन्हा धावपळ उडाली. जानेवारी १९९५ मध्ये नॉर्वेतून सोडलेल्या संशोधन-अग्निबाणामुळे रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली.

धाकाचे समर्थक म्हणतात, की परस्परांच्या विनाशाच्या भीतीनेच महासत्तांमध्ये युद्ध झाले नाही. हे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. १९४५ पासून त्यांच्यात थेट महायुद्ध झाले नाही, हे खरेच आहे. पण या औषधाच्या परीक्षणाला तुलनेसाठी दुसरा गट नाही. आणि त्याचा दुष्परिणाम एकदाच झाला, तरी नोंद करावयास कोणी उरणार नाही. शिवाय धाक विश्वसनीय ठेवायचा, तर प्रत्युत्तर त्वरित हवे. खंडांतर क्षेपणास्त्राला पोहोचण्यास सुमारे तीस मिनिटे लागतात; पाणबुडीतून सुटलेल्याला त्याहूनही कमी. दुसरी चाचणी करण्यास वेळच राहत नाही. धाकाचा खरा दोष मला येथे दिसतो.

हे ओळखणाऱ्यांत आपले व्यवसायबंधू अग्रभागी होते. अमेरिकेचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड लाउन आणि सोव्हिएत संघाचे डॉ. येव्गेनी चाझोव्ह यांनी १९८० मध्ये अणुयुद्ध टाळण्यासाठी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. तिचा सांगावा साधा होता : या रोगावर उपचार नाही, केवळ प्रतिबंध आहे. हिरोशिमात बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच मृत वा जखमी झाल्या होत्या, मग जखमींना पाहणार कोण? १९८५ चे शांततेचे नोबेल या संघटनेला मिळाले. ओस्लोतील पत्रकार परिषदेत एका सोव्हिएत पत्रकाराचे हृदय अकस्मात बंद पडले, तेव्हा लाउन आणि चाझोव्ह दोघेही धावले आणि इतरांच्या साहाय्याने त्याच्या छातीवर दाब देऊ लागले. त्यांच्या भाषणांहून हा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो.

१९८७ चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला. अमेरिका व रशिया यांच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या अखेरच्या कराराची मुदतही फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. जगातील सुमारे बारा हजार अण्वस्त्रांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास या दोन देशांकडेच आहेत. सर्व अस्त्रे उद्या नष्ट होतील, अशी आशा मी बाळगत नाही. पण ती तत्काळ डागण्याच्या स्थितीत ठेवू नयेत, शंका विचारण्यास दूरध्वनी चालू असावा आणि निर्णयाला मिनिटांऐवजी तास मिळावेत, एवढी मागणी तरी डॉक्टरांनी करीत राहिले पाहिजे.

पेट्रोव्ह २०१७ मध्ये निधन पावले. त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून त्यांना बोलणी खावी लागली होती, असे ते सांगत. माझ्याजवळ आठ दिवस होते आणि मला धीर धरवला नाही. त्यांच्याजवळ काही मिनिटे होती आणि त्यांनी तो धरला. परंतु दर वेळी त्या खुर्चीवर असाच माणूस बसलेला असेल, या भरवशावर जग चालवणे मला वैद्य म्हणून मान्य होत नाही.