इंजिनाखालचे रबर

टोकावड्याच्या आमच्या दुकानात ओम्नी गाडी आली ती माल वाहण्यासाठी. ती हळूहळू घरातीलच एक माणूस होऊन बसली. सकाळी मुरबाडहून किराणा आणावयाचा, दुपारी सरळगाव-किन्हवलीच्या बाजूला उधारीच्या फेरीस जावयाचे आणि महिन्यातून दोनदा बांना कल्याणला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यावयाचे, अशी तिची दिनचर्या. बा म्हणजे माझ्या मातोश्री. वय ब्याऐंशी. त्या नेहमी पुढच्याच आसनावर बसतात, कारण मागे साखरेची पोती असतात.

ज्यांच्या दारी ही गाडी आहे किंवा होती, त्यांना हे सांगावयास नको की तिचे इंजिन पुढच्या आसनांच्या खालीच असते. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे छोटेखानी इंजिन. पण बसणारा अक्षरशः त्याच्यावर बसलेला. त्यामुळे इंजिन आणि चौकट यांच्या मध्ये जे रबराचे ठोकळे असतात, ज्यांना मिस्त्री मंडळी माउंटिंग किंवा फाउंडेशन म्हणतात, त्यांची प्रकृती बिघडली की पहिली वार्ता बसणाऱ्याच्या कमरेलाच कळते.

गतवर्षी दिवाळीनंतर गाडी बंद करताना ‘धडक्’ असा आवाज येऊ लागला. क्लच सोडताना गिअरचा दांडा हातात उडे. माळशेजच्या बाजूला वैशाखऱ्यापर्यंत भरल्या गाडीने जावयाचे तर चढावर कोणी खालून हातोडी मारावी असे वाटे. आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी आसन उचलले, हातब्रेक ओढावयास लावून मला क्लच किंचित सोडावयास सांगितला, आणि इंजिन एका अंगाने चांगले दोन बोटे वर उचलले गेलेले मला दाखविले. एका बाजूचे रबर धातूपासून पूर्ण सुटले होते.

ते का सुटले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होते आणि तेथेच आम्ही पहिली चूक करता करता वाचलो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळत होते आणि तेलाचा थेंब थेंब नेमका त्या रबरावर पडत होता. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, मऊ पडते आणि अखेर चिकट होऊन फाटते. पॅकिंग न बदलता नुसते माउंटिंग बदलले असते, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा तोच खर्च! प्रथम शंभर-दीडशे रुपयांचे पॅकिंग, मग माउंटिंग, हा क्रम मुरबाडच्या आमच्या जुन्या मिस्त्रींनी फोनवरच सांगितला.

माउंटिंग आणण्याचे काम चिरंजीवांकडे गेले. ते कल्याणच्या एका दुकानातून मूळ जातीची न आणता जास्त कडक, भारवाहू गाड्यांसाठी म्हणून विकली जाणारी तीन माउंटिंग घेऊन आले. पाकिटावर ‘७० शोअर’ असे छापलेले होते. शोअर हे रबराच्या कडकपणाचे माप. ठरावीक टोक रबरात किती रुतते त्यावरून शून्य ते शंभर असा आकडा काढतात. दुकानदाराचे म्हणणे असे की ही पुन्हा फाटावयाची नाहीत. व्यापारी माणसाला हे वाक्य गोड लागते. मलाही लागले.

काम रविवारी सकाळी काढले. संध्याकाळवर ते ढकलावयाचे नाही, असे बांनी आधीच बजावले होते. दिव्याभोवती पाखरे जमतात आणि आमचे जेवणही सूर्यास्तापूर्वीचे. इंजिन पूर्ण गार असताना बॅटरीची ऋण बाजू काढली, मागच्या चाकांना दगड लावले, गाडी उचलून चौकटीखाली लोखंडी घोडे ठेवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. याबाबत मी घरात कोणाचेही ऐकत नाही. मग दुसरा जॅक ऑइल चेंबरखाली, मध्ये जाड लाकडी फळी घालून, इंजिनाचा भार केवळ पेलला जाईल इतकाच चढविला. फळी नसेल तर पत्र्याचा चेंबर दबतो. एका वेळी एकच माउंटिंग काढावयाचे, म्हणजे इंजिन जागचे सरकत नाही. इंजिन उचलताना रेडिएटरचे पाइप, ॲक्सिलरेटरची केबल आणि सायलेन्सरचा जोड ताणला जात नाही ना, इकडे दुसऱ्याने डोळा ठेवावा. नवे बोल्ट आधी सैलच ठेवले. तिन्ही जागी बसल्यावर जॅक उतरवून इंजिन आपल्या वजनाने स्थिर होऊ दिले आणि मगच ते आवळले. आधी आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून राहते. चार तास लागले.

गाडी सुरू केली आणि बा म्हणाल्या, “ही गाडी आहे की दळणाची गिरणी?”

खरोखरच, उभ्या गाडीत आरसा दिसेना इतका थरथरत होता. रस्त्यावर वेग घेताच मात्र सारे शांत. गिअर नेमका पडे, धडक नाहीशी झालेली. चिरंजीव खूश आणि बांचे गुडघे नाखूश. असे का व्हावे, याचा हिशेब चिरंजीवांनीच वहीवर मांडला आणि तो मला आमच्या खतावणीइतकाच चोख वाटला.

तीन सिलिंडरांच्या चार स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत तीन स्फोट होतात. उभ्या गाडीत मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला साडेबावीस धक्के. रबरावर ठेवलेल्या इंजिनालाही स्वतःचा एक झोका असतो. समजा तो मऊ रबरावर सेकंदाला बारा आहे. धक्क्यांची गती या झोक्याच्या सुमारे १.४ पटीहून जास्त असेल तरच रबर धक्का अडविते. येथे ती जवळजवळ १.९ पट, म्हणून साधारण चाळीस टक्केच धक्का चौकटीपर्यंत पोचतो. रबर दुप्पट ताठर केले की झोका बारावरून सतरावर जातो, पट १.३ वर येते, आणि मग रबर धक्का अडविण्याऐवजी वाढवूनच पुढे पाठविते. तिपटीहून अधिक फरक. २००० फेऱ्यांवर धक्के पन्नास होतात आणि कडक रबरही आपले काम करू लागते. म्हणून रस्त्यावर सुख आणि दुकानापुढे उभे असताना त्रास.

ही विद्या काही आजची नव्हे. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीचे इंजिन रबरावर, त्याच्या गुरुत्वमध्याचा विचार करून, तरंगते बसविले तेव्हा चार सिलिंडरांची गाडी आठ सिलिंडरांसारखी गुळगुळीत चालते अशी तिची जाहिरात झाली. पुढे फ्रान्सच्या सित्रोएनने तिचे हक्क घेतले. त्या लोकांनी पैसे मोजले ते मऊपणासाठी, आणि आम्ही पैसे मोजून कडकपणा विकत आणला होता.

तरीही मी आठ दिवस चालवून पाहिली. दिलेली रक्कम सोडवत नाही, हा आपला स्वभाव. मिस्त्री म्हणाले, “शेठ, आयडल थोडं वाढवू का? थरथर कमी होईल.” होईल खरी, पण उभ्या गाडीत पेट्रोल जाळून? मी नको म्हटले. मग त्यांनी गाडीखाली जाऊन बॅटरी लावली आणि मला बोलावले. डाव्या बाजूच्या ब्रॅकेटजवळ, पावसाने गंजलेल्या पत्र्यावर, केसाएवढी एक चीर दिसत होती. ती जुनी की नवी, हे सांगता येणार नव्हते; पण रबर जे सोसत होते ते आता पत्र्याला सोसावे लागत होते, एवढे स्पष्ट होते. रेसच्या गाडीला, जिचा सांगाडा मजबूत आणि जिच्यात कोणी आजी बसत नाही, कडक माउंटिंग शोभते. आमची गाडी तशी नाही.

चिरंजीव थोडे हिरमुसले. “पप्पा, गिअर किती छान पडत होते!” त्यावर मिस्त्रींनीच तोड काढली. बाजूची दोन्ही माउंटिंग मूळ जातीची, मऊ घातली. मागचे, गिअरबॉक्सखालचे, तेवढे कडक ठेवले. चिरीच्या जागी वेल्डिंग करून आतून पट्टी दिली, वर गंजरोधक रंग. उभ्या गाडीत किंचित गुणगुण उरली आहे, दांडा मात्र पूर्वीसारखा उडत नाही. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासले. एक अर्धा आटा सैल निघाला.

गेल्या बुधवारी कल्याणला जाताना मुरबाडच्या नाक्यावर दहा मिनिटे वाहतूक तुंबली होती. बांनी पिशवीतून माळ काढली, आणि गाडी सुटेपर्यंत त्यांचा जप चालू होता.