विश्लेषण : बारावी विज्ञाननंतर शिष्यवृत्ती नेमकी कोण देते, कॉलेज की अभ्यासक्रम?

बारावी विज्ञानचा निकाल लागला, की बीड, अंबाजोगाई, परळीपासून गेवराई, आष्टीपर्यंतच्या घरांत दोनच प्रश्न विचारले जातात. नीटमध्ये किती पडले आणि जेईईत किती? मनासारखे गुण मिळाले नाहीत, तर लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली घेऊन आणखी एक वर्ष ‘रिपीट’ करायचे, हेही जवळपास ठरलेले असते. या गडबडीत तिसरा प्रश्न मागे पडतो. बोर्डात मिळालेल्या चांगल्या गुणांवर पुढच्या शिक्षणाचा खर्च कोण उचलू शकेल? त्याचे उत्तर वेळेत शोधले नाही, तर काही दारे कायमची बंद होतात.

गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणारी कॉलेजे कोणती?

पालक बहुधा हा प्रश्न असाच विचारतात, पण तो अपुरा आहे. मोठ्या रकमेच्या बहुतेक शिष्यवृत्त्या कॉलेजच्या तिजोरीतून येत नाहीत. त्या केंद्र किंवा राज्य सरकार देते आणि त्या विद्यार्थ्याबरोबर चालतात. बारावीचे गुण, निवडलेला अभ्यासक्रम आणि कुटुंबाचे उत्पन्न यांवर पात्रता ठरते. त्यामुळे कॉलेजांची यादी करण्याआधी योजनांची यादी हाती असावी. प्रवेशाबरोबरच आर्थिक मदत मिळते, अशा संस्था मोजक्याच आहेत. त्यांचा उल्लेख पुढे आहे.

‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती कोणाला मिळते?

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे. आपल्या बोर्डाच्या बारावी परीक्षेत वरच्या एक टक्क्यात असलेला किंवा त्याच वर्षी जेईई अथवा नीटमध्ये पहिल्या दहा हजारांत आलेला विद्यार्थी त्यासाठी पात्र ठरतो. त्याने बीएस्सी, बीएस किंवा एकात्मिक एमएस्सीला प्रवेश घेतलेला असावा. विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूगर्भशास्त्र असे मूलभूत विज्ञानाचे हवेत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, कृषी आणि बीसीएसारखे अभ्यासक्रम यात बसत नाहीत.

वर्षाला ८० हजार रुपयांची ही शिष्यवृत्ती आहे. त्यातले ६० हजार रोख मिळतात. उरलेले २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. जास्तीत जास्त पाच वर्षे ती चालू राहू शकते, म्हणजे एकूण मदत चार लाखांपर्यंत जाते. मात्र दरवर्षी समाधानकारक गुण राखावे लागतात.

यासाठी पुणे-मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही. मान्यताप्राप्त कॉलेजात नियमित बीएस्सी करणारा विद्यार्थीही अर्ज करू शकतो. बीडच्या बलभीम महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी आणि पुण्याच्या नामांकित कॉलेजातली मुलगी या योजनेच्या दृष्टीने सारख्याच. एक टक्क्याची सीमारेषा दरवर्षी आणि बोर्डानुसार बदलते. बोर्डाकडून मिळणारे पात्रतेचे पत्र जपून ठेवावे.

वर्षभर ‘रिपीट’ केल्यास काय होते?

ही शिष्यवृत्ती बारावी उत्तीर्ण झालेल्या वर्षीच पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. नीटसाठी एक वर्ष थांबलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी बीएस्सीला प्रवेश घेतला, तर बोर्डातले गुण कितीही चांगले असले तरी ‘इन्स्पायर’ची संधी गेलेली असते. रिपीट करूच नये, असा याचा अर्थ नाही. पण त्या वर्षाची किंमत मोजताना क्लासची फी, खोलीभाडे आणि मेस एवढाच हिशेब पुरेसा नाही. विज्ञानाची आवड असलेल्या, पण डॉक्टर होण्याची फारशी ओढ नसलेल्या मुलांसाठी तर हा हिशेब आधी मांडायला हवा.

प्रवेशाबरोबरच शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था आहेत का?

आहेत. भुवनेश्वरची ‘नायसर’ आणि मुंबईत कलिना येथील अणुऊर्जा विभाग व मुंबई विद्यापीठाचे मूलभूत विज्ञान केंद्र, या दोन संस्थांत ‘नेस्ट’ या एकाच प्रवेश परीक्षेतून पाच वर्षांच्या एकात्मिक एमएस्सीला प्रवेश मिळतो. नायसरमध्ये सुमारे २००, तर मुंबईच्या केंद्रात ५७ जागा आहेत. इथल्या विद्यार्थ्यांना इन्स्पायर किंवा अणुऊर्जा विभागाची ‘दिशा’ शिष्यवृत्ती मिळते. ‘दिशा’चीही रक्कम वर्षाला ६० हजार असून उन्हाळी प्रकल्पासाठी वेगळे २० हजार मिळतात. नेस्ट ही परीक्षा एक वर्ष थांबलेल्यांनाही देता येते, ही त्यातली जमेची बाजू.

गणिताची गोडी असणाऱ्यांसाठी भारतीय सांख्यिकी संस्था आहे. तिथल्या संख्याशास्त्र व गणिताच्या पदवीला प्रवेश परीक्षेतून निवड होते आणि चांगली प्रगती राखणाऱ्यांना मासिक विद्यावेतन मिळते. पुण्याच्या ‘आयसर’ची प्रवेश परीक्षा वेगळी आहे. तिथे प्रवेश मिळाला म्हणजे इन्स्पायर आपोआप मिळते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. तिथेही एक टक्क्याची किंवा क्रमांकाची अट लागू आहे.

अभियांत्रिकीला जायचे असेल तर?

आयआयटीत अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क माफ आहे. इतर प्रवर्गांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखापेक्षा कमी असल्यास पूर्ण, तर एक ते पाच लाखांदरम्यान असल्यास दोन तृतीयांश शिक्षणशुल्क माफ होते. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात धरलेला नाही.

राज्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत ‘टीएफडब्ल्यूएस’ म्हणजे शिक्षणशुल्क माफीच्या जागा असतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना त्या केंद्रीय प्रवेश फेरीत गुणवत्तेवर मिळतात. पण अशी जागा घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास हा लाभ मिळत नाही.

एक टक्क्यात नसलेल्यांनी काय करावे?

केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीची अट ८० पर्सेंटाइलची आहे. ८० टक्के गुण आणि ८० पर्सेंटाइल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पर्सेंटाइल म्हणजे इतरांच्या तुलनेत विद्यार्थी कुठे आहे, ते स्थान. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे. पदवीच्या काळात वर्षाला १२ हजार आणि पदव्युत्तरला २० हजार रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यातल्या निम्म्या मुलींसाठी आहेत.

राहण्या-जेवणाचा प्रश्न फीपेक्षा मोठा असेल, तर सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’ योजना आहे. शहरानुसार रक्कम बदलते. मुंबई, पुण्यासारख्या ठिकाणी ती वर्षाला ६० हजारांपर्यंत आहे.

कागदपत्रे कधी काढावीत?

ऊसतोड कुटुंबांसाठी हा कळीचा मुद्दा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा आणि त्रुटी दुरुस्त करण्याचा काळही साधारण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा. आई-वडील फडावर आणि मुलगा एकटा तहसीलच्या चकरा मारतोय, अशी वेळ त्यातून येते. म्हणून टोळी गावी परतली, की एप्रिल-मेमध्येच नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र आणि गरजेप्रमाणे नॉन-क्रिमिलेअर काढून घ्यावे. जात वैधतेला वेळ लागतो. तो अर्ज अकरावीतच करावा.

बँक खात्याचेही पाहावे लागते. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे आणि ते खाते थेट लाभ हस्तांतरासाठी जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर झालेली रक्कम इथेच अडकू शकते. बँकेत जाऊन तशी खात्री करून घ्यावी.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला काय विचारावे?

कॉलेज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आणि महाडीबीटीवर नोंदलेले आहे का? अर्ज पडताळणारे नोडल अधिकारी कोण? मागच्या वर्षी किती विद्यार्थ्यांचे अर्ज पुढे पाठवले? इन्स्पायरच्या अर्जावर प्राचार्यांची सही-शिक्क्याची शिफारस वेळेत मिळते का? पात्र विद्यार्थ्याचा अर्ज कॉलेजने मुदतीत पडताळला नाही, तर तो तिथेच संपतो.

बहुतेक योजनांत एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. त्यामुळे पहिली दिसली ती भरून टाकण्याऐवजी रकमा, अटी आणि पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाचे निकष शेजारी-शेजारी लिहून तुलना करावी. रकमा व मुदती बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचूनच अर्ज करावा. हे काम निकालानंतरच्या आठवड्यात नव्हे, तर बारावीच्या दिवाळी सुट्टीत झालेले बरे. नेस्ट, आयसर आणि सांख्यिकी संस्थेचे प्रवेश अर्ज बोर्डाचा निकाल लागण्याआधीच भरायचे असतात.