अनंताच्या झाडावरचा काचपंखी पाहुणा

श्रावण सरत आला की रत्नागिरीच्या परसात उन्हाचे चार कवडसे पुन्हा उतरू लागतात. पाऊस उघडलेल्या अशा एखाद्या सकाळी सदाफुलीच्या किंवा इक्झोऱ्याच्या फुलांपुढे अंगठ्याएवढा एक जीव हवेत खिळल्यासारखा थांबलेला दिसतो. तो फुलावर बसत नाही. लांबूनच सोंड घालतो, मध घेतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दुसऱ्या फुलापुढे जातो. मुले त्याला हमिंगबर्ड म्हणतात, आजीला तो भुंगा वाटतो आणि दुकानाकडे निघालेल्या कर्त्या पुरुषाला गांधीलमाशी. तिघांचाही अंदाज चुकलेला असतो. त्यातला तिसरा अंदाज मात्र त्या जिवाच्या प्राणावर बेततो, कारण गांधीलमाशी म्हटली की हात आधी झाडूकडे जातो.

हमिंगबर्ड हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतो. कोकणात तो येण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी म्हणजे शिंजीर, आणि तो बहुधा डहाळीला पाय रोवूनच चोच घालतो. हवेत तरंगणारा तो पाहुणा पक्षी नव्हे, पतंग आहे. हॉक मॉथ या कुळातले बहुतेक पतंग रात्री उडतात. काही थोडे मात्र भर दिवसा बाहेर पडतात. त्यांतला परसबागेत विशेष दिसणारा, पारदर्शक पंखांचा पतंग म्हणजे सेफोनोडिस हायलस. अंग हिरवट पिवळे, पोटावर तांबूस पट्टा, शेपटीशी काळा झुबका आणि काचेसारख्या पंखांवर काळ्या शिरा. पंख पसरले की रुंदी सुमारे पाच ते सात सेंटीमीटर भरते. कोषातून बाहेर येताना या पंखांवर इतर पतंगांसारखेच खवले असतात. पहिल्याच फडफडाटात ते धुळीसारखे झडून जातात आणि पंख निर्मळ होतात. डोक्यावरच्या ठळक मिशा आणि फुलापर्यंत पोहोचणारी लांब सोंड दिसली की ओळख पक्की झाली. त्याला नांगी नसते.

या पतंगांचा कसून अभ्यास आपल्याच किनाऱ्यावर झाला आहे. वनाधिकारी टी. आर. बेल निवृत्तीनंतर कारवारलाच राहिले आणि १९४८ मध्ये तेथेच निवर्तले. एफ. बी. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला या कुळावरचा ग्रंथ १९३७ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत निघाला. दोघांनी अळ्या पाळल्या, त्यांची झाडे शोधली, कोष सांभाळले. उडणारा पतंग टाचणीने टोचून ठेवणारे पुष्कळ असतात. अळीपाशी बसून राहणारे थोडे.

खरी कसोटीही अळीपाशीच आहे. ही अळी अनंत, कॉफी आणि त्याच कुळातल्या झाडांची पाने खाते. ती बहुधा हिरवी असून तिच्या शेपटीवर एक शिंग असते. ते पाहून घरात आरडाओरडा होतो, पण शिंग केवळ दिखाऊ आहे. अळी डसत नाही, अंगाला खाजही सुटत नाही. चार पाने गेली तरी अनंत पुन्हा फुटतो. वाढ पुरी झाली की अळी खाली उतरते आणि पालापाचोळ्यात कोष करते. अंगण स्वच्छ करून कचरा पेटवण्याची आपली सवय तिच्या मुळावर येते ती इथे. जैन जीवविचारात भ्रमर, माशी, पतंग यांची गणना चतुरिंद्रिय जिवांत होते. घरोघरी पाणी गाळताना पाळली जाणारी जयणा अनंताच्या बुंध्याशी मात्र सहज विसरली जाते.

फुलांपाशी आणखी एक बहुरूपी तरंगतो: सिरफिड माशी. काळ्यापिवळ्या पट्ट्यांमुळे ती मधमाशी किंवा गांधीलमाशी वाटते. मधमाशीला चार पंख, हिला दोनच. मिशा अगदी आखूड, डोळे डोकेभर. तीही डंख करीत नाही. तिच्या कित्येक जातींच्या अळ्या झाडांवरचा मावा खातात. हापूसच्या व्यापाऱ्यांनी तर हिला विशेष ओळखावे, कारण आंब्याच्या मोहोराचे परागीभवन मुख्यतः माश्यांच्या जातीचे कीटक करतात आणि त्यांत हिचाही वाटा असतो. तुडतुड्यांसाठी केलेली फवारणी मोहोर पूर्ण फुललेला असताना झाली, तर तुडतुड्यांबरोबर हीही मरते.

गुंजारव करीत लाकूड पोखरणारा काळा भुंगा या दोघांहून वेगळा. तो मधमाश्यांचा आप्त असून त्याची मादी चिमटीत धरल्यास डंख करू शकते. आग्यामोहोळाच्या माश्यांपासून तर दूरच राहावे.

अंगण झाडावेच लागते. अनंताखालचा पाचोळा तेवढा बुंध्याशीच लोटून ठेवावा. त्यात तपकिरी, शेंगेसारखा कोष सापडला, तर काही आठवड्यांत एखाद्या सकाळी तेथूनच खवले झाडीत तो वर येतो.