तोंड असलेलं सरोवर

या रे, असे जवळ बसा. आज तोंड असलेल्या सरोवराची गोष्ट सांगतो. खरंच तोंड आहे त्याला. आणि ते मिटत आलं होतं तेव्हा सरोवराचा जीव घुसमटला होता.

ओडिशात पुरीच्या नैर्ऋत्येला चिल्का पसरलंय. समुद्र आणि सरोवर यांच्या मध्ये वाळूचा एक लांबलचक दांडा, बस्स. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही त्याला खारकच्छ म्हणता. पावसाळ्यात नद्या भरून आल्या की ते ११६५ चौरस किलोमीटरपर्यंत फुगतं, उन्हाळ्यात आटून ९०६ वर येतं. एवढं अफाट पाणी, पण बऱ्याच ठिकाणी खोली जेमतेम दीड-दोन मीटर! लांब बांबू तळाला टेकवून कोळी आपली नाव पुढे ढकलतात.

सरोवराकाठच्या सातपाड्याहून पलीकडे जान्हीकुडाला फेरीबोट जाते. दाभोळहून धोपाव्याला जाते ना, तशीच. पोटात माणसं, मोटारी, मोटारसायकली सगळं घेऊन. पण मला पाण्याच्या जवळ जायचं होतं, म्हणून मी लहान होडी केली. दिवस जानेवारीचे. उत्तरेला दया आणि भार्गवी या नद्यांचं पाणी सरोवरात येतं. तिथे बोट बुडवून जिभेला लावलं, तर पाणी जवळजवळ गोडं. सातपाड्याकडे सरकलो तसं ते मचूळ लागायला लागलं. मुखाशी, म्हणजे समुद्राकडे उघडणाऱ्या त्या तोंडाशी पोचलो आणि जीभ चरचरली. सरोवर एकच, पण चवी तीन. गोडं येतं नद्यांतून, खारं येतं भरतीबरोबर त्या तोंडातून. दोन्ही मिसळतात तिथे कोळंबीची बारीक पिल्लं समुद्रातून आत येऊन वाढतात आणि मोठी झाली की अंडी घालायला परत समुद्रात जातात. म्हणजे ते तोंड उघडं असेल तरच कोळ्याच्या जाळ्यात काही पडणार.

आता ते तोंड मिटतं कसं? पुढच्या वेळी समुद्रावर गेलात की नारळाची एक शेंडी लाटेत टाका आणि बघत राहा. लाट किनाऱ्याला तिरकी येते, शेंडीला तिरकं वर नेते. परतताना पाणी मात्र उतारावरून सरळ खाली येतं. पुन्हा लाट, पुन्हा तेच. शेंडी किनाऱ्याकिनाऱ्याने नागमोडी पुढे सरकत जाते. वाळूचा कणही असाच चालतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा ही वाळू वर्षानुवर्षं ईशान्येकडे ढकलत असतात. दांडा लांबत गेला, मुख दूर सरकत गेलं आणि मधली चिंचोळी वाट गाळाने भरली. नद्यांनी आणलेला गाळ होताच. भरतीचं पाणी आत येईना. खारटपणा उतरला, गोड्या पाण्यातलं शेवाळ आणि पाणवनस्पती माजल्या, मासे घटले. चिल्काला १९८१ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत मान मिळाला होता. १९९३ साली त्याचं नाव धोक्यात आलेल्या पाणथळींच्या नोंदवहीत गेलं.

मग माणसं कामाला लागली. इथे आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याचा हात लागला, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. तिथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने भरती-ओहोटी, प्रवाह आणि वाळूची चाल यांचा अभ्यास केला. चिल्का विकास प्राधिकरणाने दांडा कापून २३ सप्टेंबर २००० रोजी नवं मुख उघडलं. समुद्राची वाट १८ किलोमीटरनी जवळ आली. १९९९-२००० मध्ये मासळी मिळाली होती सुमारे १७५० टन. २००१-०२ मध्ये ती जवळपास १२००० टनांवर गेली! २००२ मध्ये त्या नोंदवहीतून चिल्काचं नाव काढलं गेलं. वाळू काही थांबलेली नाही, हेही ध्यानात ठेवा. २००८ साली समुद्राने गबकुंडाजवळ आणखी एक मुख आपण होऊनच फोडलं.

हिवाळ्यात सरोवरातल्या नलबण बेटावर लाखो पाहुणे पक्षी उतरतात. पावसाळ्यात हे बेट पाण्याखाली असतं. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तिथल्या चिखलात निवांत चरताना मी पाहिले. पण मन अडकलं ते इरावदी डॉल्फिनमध्ये. त्याला चोच नसते, कपाळ सोललेल्या नारळासारखं गोल. कधी कधी तोंडातून पाण्याची पिचकारी उडवून तो मासे एकीकडे हाकतो. चिल्कात ते आहेत दीडशेच्या आसपास, फक्त!

म्हणून मोठे होऊन सातपाड्याला जाल तेव्हा होडीत बसण्याआधीच सांगून ठेवा: दादा, डॉल्फिन दिसला की इंजिन बंद करा. इंजिनाच्या पंख्याचं पातं त्याला कापतं. शिवाय गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतो आणि गोंगाटात त्याला ती सापडत नाही. नाव थांबवा, थोडा वेळ गप्प बसा. श्वास घ्यायला तो वर येतोच.